भिंतीवरची खाकी

सकाळी सून कामाला गेली, नात शाळेत गेली आणि मुलगा खाली तळघरात कॉम्प्युटरसमोर बसला, की या घरात मी आणि टीव्ही उरतो. वेस्ट विंडसरला, या परदेशी गावात, रस्त्यावर माणूस दिसत नाही. खिडकीतून पाहिलं तर गवत, गाड्या आणि कुणाचं तरी कुत्रं. म्हणून मी टीव्ही लावतो.

एका चॅनेलवर फक्त जुनेपाने कार्यक्रम दाखवतात. काळे-पांढरे. त्यातल्या एकाचा मला नाद लागला. इंग्रजी मला येत नाही, चौथीच्या पुढे शाळा मी पाहिली नाही, तरी नाद लागला. एक सुटाबुटातला माणूस टेबलामागे बसतो. शेजारी पाहुणा येतो. पाहुणा त्याच्या कानात काहीतरी सांगतो आणि समोर चार शहाणी माणसं बसलेली असतात, ती प्रश्न विचारत सुटतात. पाहुणा हो म्हणतो, नाही म्हणतो. घंटा वाजते. लोक टाळ्या वाजवतात.

शनिवारी नातीला शेजारी बसवून मी सगळं नीट समजून घेतलं.

"आबा, प्रत्येक गेस्टचं एक सिक्रेट असतं. ते शोधायचं. ओन्ली येस ऑर नो."

"आणि नाही सापडलं तर?"

"मग होस्ट सांगतो. एंडला. वेट ना, ही लेडी बघा!"

टोपीवर पिसं लावलेली एक म्हातारी होती. हातात मोजे, मांडीवर पर्स, देवळातून आल्यासारखी. चौघांनी तिला सगळं विचारलं. शेवटी कळलं की बाई सर्कशीत सिंहांचे दात घासते. मी मांडीवर थाप मारली. नात माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, आबांना सिंहाची गंमत वाटली. मला गंमत वाटली ती बाईच्या बसण्याची. काय बसली होती! चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. आणि गुपित फुटल्यावर कशी मोकळी हसली. मी ओळखलं, ही आपल्यातली.

कारण मी बहुरूपी होतो. माझा बाप बहुरूपी, त्याचा बाप बहुरूपी. आणि या घरात ते फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि माझ्या मुलाला.

ज्यांनी बहुरूपी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही गावात मुक्काम टाकायचो. रोज एक सोंग. आज वैद्य, उद्या पोस्टमन, परवा साधू. माझं नाव होतं ते फौजदाराच्या सोंगासाठी. खाकी कपडे, कमरेला पट्टा, हातात छडी. दारात उभा राहून आवाज टाकला, की भले भले आतून सदरा घालत बाहेर यायचे. "तुमच्यावर वॉरंट आहे. बायकोला गोड न बोलल्याचं." असं काहीतरी. माणूस आधी पांढरा पडायचा, मग हसायचा. आणि मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी साध्या कपड्यात दारोदार जायचं, आपण कोण ते सांगायचं, आणि मगच धान्य घ्यायचं, भाकरी घ्यायची. माझ्या बापाचा कायदा होता. सोंग उतरवल्याशिवाय कुणाच्या घरचा घास तोंडात घालायचा नाही. सोंगात खाल्लं तर ती चोरी. सोंग उतरवून खाल्लं तर ती कमाई. हा कायदा मी कधी मोडला नाही. भूक असली तरी.

पुढे मुलगा शाळेत हुशार निघाला, मी फिरणं सोडलं आणि कारखान्यावर राखणीला लागलो. ते सगळं असो.

बायको गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. आलो त्याच आठवड्यात कुणाच्या तरी घरी जेवण होतं. दारातच एक जण वाकून म्हणाला, "या या, फौजदार काका! इकडे बसा, पंख्याखाली."

मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, कोण फौजदार आला?

मुलाचा हात माझ्या खांद्यावर आला आणि त्याने खांदा दाबला. लहानपणी तो माझ्याबरोबर फिरायचा तेव्हा सोंगात असताना त्याने हसू नये म्हणून मी त्याचा खांदा असाच दाबायचो. मी गप्प बसलो. ताट समोर आलं तेव्हा म्हटलं, "आज माझा उपास आहे."

परत येताना गाडीत मी विचारलं, "हे काय आहे?"

त्याने रेडिओ बंद केला. मग बोलला. लग्नाआधी त्याच्या पुण्याच्या खोलीत माझा एक फोटो होता, खाकीतला. तालुक्याच्या फोटोवाल्याने हौसेनं काढलेला, दुकानाबाहेर टांगायला. पट्ट्याचं बक्कल तुपाच्या डब्याच्या झाकणाचं, मीच कापलेलं. मुलीचे वडील खोली बघायला आले. प्रोफेसर माणूस. फोटोसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वडील पोलिसात का? वा!"

"आणि तू हो म्हणालास."

"हो नाही म्हणालो, आबा. फक्त नाही म्हणालो नाही."

"म्हणजे झालंच की हो."

"मी चोवीस वर्षांचा होतो. मला ती हवी होती. नंतर बोलू म्हटलं. मग लग्न झालं, मग इकडे आलो. मग ती लोकांना सांगायला लागली. पोरगी झाली, तिला गोष्टी हव्या झाल्या, आजोबांनी दरोडेखोर कसे पकडले..."

"किती पकडले मी?"

"आबा, प्लीज."

आता मला कळलं, लग्नात व्याही मला साहेब का म्हणत होते. मला वाटलं होतं, शिकलेल्या लोकांची पद्धत असेल.

तो फोटो इथे बैठकीत लावलेला होता. सुनेने चांगल्या फ्रेममध्ये बसवलेला. रोज मी त्याच्याखाली बसून टीव्ही बघायचो.

मी त्याला म्हटलं, "तुला लाज वाटते का माझी?"

"नाही. खरंच नाही. प्रश्न तुमच्या धंद्याचा नाहीये. तो ती एका दिवसात विसरेल. मी इतकी वर्षं तिच्याशी खोटं बोललो, ते ती नाही विसरणार. तुम्ही ओळखत नाही तिला. तिला खोटं चालत नाही. घर मोडेल माझं."

"मग तूच सांग तिला."

"सांगतो. वेळ बघून सांगतो."

त्याची वेळ काही आली नाही. मी मात्र माझा कायदा पाळला. बाहेर कुणाकडेही गेलो की माझा उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, काहीही. इकडच्या मराठी लोकांत माझं नाव झालं, फौजदार काका फार धार्मिक आहेत म्हणून. एका काकूंनी माझ्या पायाला हात लावला. मी आत जळत होतो. घरी जेवायचो ते मुलाचं घर म्हणून. पण सून ताट वाढायची तेव्हा मी तिच्याकडे बघायचो नाही. तिला वाटायचं, आबांचा स्वभावच कडक, पोलिसी.

जानेवारीत व्याही सहा महिन्यांसाठी इकडे आले. माणूस चांगला. सकाळी स्वतः चहा करायचे आणि दोन कप घेऊन यायचे. "घ्या फौजदारसाहेब." मी म्हणायचो, "मी चहा सोडलाय." आणि ते फिरायला गेले की माझा मी करून प्यायचो. एकदा त्यांनी पकडलं मला, गॅसपाशी. दारातूनच मागे फिरले. पण त्यांना लागलं होतं, मी पाहिलं. त्यानंतर ते एकच कप करायला लागले.

मग ते पाडव्याचं निघालं.

मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम इथल्या एका शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये असतो. सून त्या कमिटीवर. नातीने तिला आमचा टीव्हीवरचा कार्यक्रम सांगितला, आणि सून उडालीच. "कसली भारी आयडिया आहे! सीनियर्सना स्टेजवर बसवू. प्रत्येकाचं एक गुपित. समोर पॅनेल. बाबा, तुम्ही पॅनेलवर." हे तिच्या वडिलांना. मग माझ्याकडे वळली. "आणि आबा, तुम्ही शेवटचे गेस्ट. फौजदारांचं गुपित! सगळे येतील बघा."

मुलगा पोळी मोडत होता. त्याचा हात ताटातच थांबला.

"आबांना कशाला त्रास," तो म्हणाला. "त्यांना आवडत नाही स्टेज वगैरे."

"आबा, नाही आवडत तुम्हाला?"

आता मला विचारता! माझ्या बापजाद्यांनी दुसरं केलं काय? मी म्हटलं, "येतो मी."

दुसऱ्या दिवशी तो मला भाजी आणायला म्हणून गाडीत घालून घेऊन गेला. दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली आणि उतरलाच नाही.

"काय सांगणार आहात?"

"गुपित सांगायचं असतं ना. माझ्याकडे एकच आहे."

"दुसरं काहीतरी सांगा. तुम्ही एकदा विहिरीत तरसाबरोबर रात्र काढली होती ना? ते सांगा. ते जबरदस्त आहे."

"ती तुझ्या चुलत्याने काढली होती."

"कोणाला कळतंय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो एवढा मोठा इंजिनियर, दाढीत पांढरे केस, आणि स्टिअरिंग असं धरून बसलेला जसं कुणी हिसकावून नेणार आहे.

"लेका, मला तिथे बसवलं तर मी खरं सांगणार. नसेल चालत तर तू आधी सांग तुझ्या बायकोला. पाडव्याला अजून अवकाश आहे."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना!"

तो ओरडला. बाजूच्या गाडीतल्या बाईने काच वर केली. आम्ही कोथिंबीर घेऊन घरी आलो.

पाडवा येईपर्यंत मी रोज त्याच्या तोंडाकडे बघायचो. सांगितलं असतं तर सुनेच्या वागण्यात कळलं असतं. ती हॉलसाठी टेबलक्लॉथ शोधत होती, गुणगुणत होती. त्याने सांगितलं नव्हतं.

पाडव्याच्या दिवशी मी पांढरा सदरा-लेंगा घातला. साधा. सून म्हणाली, "आबा, जॅकेट तरी घाला." मी म्हटलं, "नको, असाच बरा." शेवटच्या दिवशीचे कपडे ते. मुलाने ते ओळखलं. जिन्यात माझ्यासमोर उभा राहिला.

"आबा, मी हात जोडतो."

मी त्याच्या बाजूने खाली उतरलो. मी हट्टी आहे, माझी बायको ते मरेपर्यंत म्हणत होती. पण खरं सांगतो, गाडीत बसलो तेव्हा मीही पक्का नव्हतो. मी विचार करत होतो, मी हे कुणासाठी करतोय? माझ्या बापाच्या कायद्यासाठी पोराचं घर मोडू का? पुन्हा वाटायचं, आपण आता किती दिवस? फौजदार म्हणूनच मेलो तर? लोक येतील, फौजदार काका गेले म्हणतील, आणि मग आपण कोण होतो ते या पृथ्वीवर एकालाच माहीत, आणि तोही सांगणार नाही.

हॉल गच्च भरलेला. गुढी, रांगोळी, मागच्या बाजूला जेवणाची टेबलं मांडलेली. स्टेजवर टीव्हीत असतं तसंच केलं होतं. एका बाजूला पॅनेल: माझे व्याही, एक डॉक्टर काकू, आणि जर्सी सिटीहून आलेला एक कॉम्प्युटरवाला तरुण. दुसऱ्या बाजूला पाहुण्याची खुर्ची आणि सूत्रधार, मंडळाचा सेक्रेटरी, नागपूरचा मुलगा, तोंडाने भारी. टेबलावर देवघरातली घंटा. टीव्हीत गुपित बघणाऱ्यांना आधी दाखवतात, इथे ते नव्हतं. सगळ्यांना शेवटीच कळणार.

माझ्या आधी एक मावशी झाल्या, त्यांनी लहानपणी भावाच्या नावाने कुस्ती मारली होती. लोक हसून हसून लाल झाले. मग माझं नाव पुकारलं. टाळ्या सगळ्यात जास्त. सून स्टेजच्या कडेला उभी, हातात कार्यक्रमाचा कागद, हसत होती. मुलगा सगळ्यात मागे, जेवणाच्या टेबलांपलीकडे, बाहेर जायच्या दारापाशी.

सेक्रेटरीने कान माझ्या तोंडाशी आणला. मी सांगितलं. दोन वाक्यं.

तो ताठ झाला. "काय सांगता काका!" हे त्याने माईक बाजूला धरून, हळू. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पोरगा शहाणा म्हणायचा, चेहरा सांभाळून म्हणाला, "यार, हे तर भारीच आहे. पॅनेल, सुरू करा. फक्त हो किंवा नाही."

डॉक्टर काकूंनी सुरुवात केली. "हे तुमच्या नोकरीबद्दल आहे का?"

"नाही."

"कामाबद्दल?"

"हो."

तो तरुण पुढे सरसावला. "काका, तुम्ही लोकांना अरेस्ट करायचात?"

"हो."

"चोरांना?"

"नाही."

"म्हणजे काय, निर्दोष माणसांना?"

"हो. पुष्कळांना."

हॉल फुटला हसून. कुणीतरी ओरडलं, "मग बरोबर आहे, पोलीसच!" तरुण खूश. मी हसलो नाही. व्याहीही हसले नाहीत. ते माझ्या सदऱ्याकडे बघत होते.

डॉक्टर काकू म्हणाल्या, "त्या लोकांनी तक्रार केली?"

"नाही."

"रडले?"

"हसले."

"फक्त हो-नाही, काका," सेक्रेटरी म्हणाला, पण त्याचा आवाज मघासारखा नव्हता.

आता व्याह्यांची पाळी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुम्ही खाकी घालत होतात?"

"हो."

"ती सरकारने दिली होती?"

"नाही."

हसू थांबलं. एकदम नाही, समोरून मागे मागे थांबत गेलं.

"घरी शिवली होती?"

"हो."

व्याह्यांनी मान वर केली. प्रोफेसर माणूस, त्यांना पोचलं असावं, निदान अर्धं. ते आता माझ्याकडे बघत नव्हते. लोकांच्या डोक्यावरून मागे, दाराकडे बघत होते.

"तुमच्या मुलाला हे माहीत आहे?"

"हो."

"माझ्या मुलीला?"

मी सुनेकडे पाहिलं. ती अजून हसत होती, पण ते हसू चेहऱ्यावर राहून गेलेलं, आत काही नव्हतं. आयुष्यात मी किती दारांत उभा राहिलो, किती माणसांना पांढरं पडताना पाहिलं. पण त्या प्रत्येक माणसाला थोड्या वेळाने हसवायचं माझ्या हातात असायचं. इथे नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

घंटा वाजली. वेळ संपली होती. सेक्रेटरीने माईक उचलला. टीव्हीत असंच होतं, शेवटी सूत्रधार सांगतो. त्याने तोंड उघडलं आणि त्याच क्षणाला मला काहीतरी कळलं, जे इतके दिवस मला कळलं नव्हतं. मी माझ्या बापाचा कायदा अर्धाच धरून बसलो होतो. सोंग उतरवायचं खरं, पण ज्याने घातलं त्याने. वैद्याचं सोंग माझ्या भावाने घातलं असेल तर शेवटच्या दिवशी दारात भाऊच जायचा, मी नाही. या लोकांपुढे फौजदार मी केव्हा झालो? मी तर विमानातून उतरलो तेव्हा झालेलोच होतो. हे सोंग मुलाने घातलं होतं. माझ्या अंगावर, पण त्याने.

मी सेक्रेटरीचं मनगट धरलं.

"तुम्ही नका सांगू. मी पण नाही सांगणार. माझा मुलगा सांगेल."

सगळा हॉल मागे वळला. खुर्च्या वाजल्या. मला वाटलं, मी त्याला वाचवायला गेलो आणि आणखी खड्ड्यात घातलं. तो दाराला पाठ लावून उभा होता. त्या दाराला आडवी लोखंडी दांडी आहे, ढकलली की दार उघडतं. त्याचा हात मागे दांडीवर होता. खट् आवाज झाला. बाहेरचा उजेड आत आला. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा तो खुर्च्यांच्या मधून चालत येत होता. दार त्याच्यामागे आपोआप बंद होत होतं.

स्टेजवर आला. माईक घेतला नाही. माझ्याकडे बघितलं नाही, बायकोकडे बघितलं. मग त्याने हात जोडले आणि मोठ्या आवाजात बोलला, जसं मी दारात बोलायचो, तो लहान असताना माझ्यापुढे उभा राहून बोलायचा, शब्दाला शब्द:

"फौजदार नाही मायबाप, शिपाई नाही. सोंगाडी आहोत. हसलात त्याची भाकर द्या, घाबरलात त्याची माफी द्या."

चाळीस वर्षं झाली असतील. मला वाटलं होतं, तो विसरला.

मग त्याने साध्या शब्दांत सांगितलं. आबा बहुरूपी होते, फोटो सोंगाचा आहे, आबा कधीच खोटं बोलले नाहीत, मी बोललो. एवढंच. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींना कळेना वाजवाव्या की नाही. सुनेने कागद वर धरला आणि म्हणाली, "पुढचा कार्यक्रम, मुलांचं लेझीम." आवाज सपाट, कुणाकडे न बघता.

जेवणाच्या टेबलापाशी त्या पाया पडलेल्या काकू आल्या. "आज उपास नाही ना काका?" मी म्हटलं, "नाही." ताट घेतलं. दोन घास खाल्ले. तिसरा जाईना.

गाडीत मी मागे बसलो. नात माझा हात धरून बसली होती. घरी आल्यावर मुलाने पहिलं काम केलं, फोटो काढला. नातीने तो त्याच्या हातातून घेतला. "इट्स माइन नाऊ," म्हणाली आणि वर घेऊन गेली. भिंतीवर खिळा राहिला.

सून माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता बोलेल. हवं ते बोल, मी ऐकणार होतो.

"आबा, बाहेर तुमचे उपास. ते उपास नव्हते?"

"नव्हते."

"आणि बाबांचा चहा?"

"सोंगात मी कुणाचं खात नाही, पोरी."

ती तिथेच खाली जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडली. नवऱ्याशी नाही, माझ्याशी नाही, कुणाशी काही बोलली नाही. त्या दिवसापासून मुलगा खाली तळघरात झोपायला लागला. दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर आले की एक जण बाजूला व्हायचा, दुकानात अनोळखी माणसं होतात तशी. त्याने सांगितलं होतं मला, तिला खोटं चालत नाही. खरंच होतं ते. व्याहीही खोलीतून फारसे बाहेर येईनात. मी विचार केला, परत जातो देशात. आपण मुक्काम जास्त लांबवला.

एका सकाळी मी टीव्हीसमोर बसलो होतो. तोच कार्यक्रम. एक जाडा माणूस पाहुणा, घाम पुसत होता. व्याही आले, बाजूच्या कोचावर बसले. बरेच दिवसांनी. सून त्या दिवशी घरीच होती, आत ओट्यापाशी.

थोड्या वेळाने व्याही टीव्हीकडे बघतच म्हणाले, "मला एक सांगा. खरंच लोक घाबरायचे?"

"घाबरायचे."

"मी नसतो घाबरलो."

"शिकलेले जास्त घाबरायचे."

"शक्य नाही. घरी शिवलेली खाकी, डब्याचं बक्कल! माणसाला दिसत नाही का?"

"तुम्हाला दिसलं होतं का? इतकी वर्षं भिंतीवर होतं."

त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. मी उठलो. खाकी नव्हती, छडी नव्हती, अंगावर सुनेने आणलेला स्वेटर होता आणि पायात घरातल्या सपाता. मी फक्त खांदे मागे घेतले, मान थोडी तिरकी केली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"नाव?"

व्याही हसले. "अहो, सोडा..."

"नाव विचारलं. कुठून आलात? पासपोर्ट कुठे आहे? सहा महिने म्हणून आलात, किती झाले? चला, काढा."

मी त्यांच्या डोळ्यातून डोळा काढला नाही. आणि त्यांचा हात गेला. सांगतो तुम्हाला, खिशाकडे गेला. वरच्या खिशात दोन बोटं गेली आणि तिथे थांबली. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग ते असे हसायला लागले की चष्मा नाकावरून घसरला. "अरे बापरे! अरे, मी शोधत होतो! मी खरंच शोधत होतो!"

मी हात जोडले. "फौजदार नाही मायबाप. सोंगाडी आहे."

ते उठले, डोळे पुसत ओट्यापाशी गेले. पातेलं वाजलं. थोड्या वेळाने दोन कप घेऊन आले आणि एक माझ्यासमोर धरला. मी घेतला. साखर फार घालतात.

सून दाराच्या चौकटीत उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. वडिलांचं हसू, माझ्या हातातला कप. मग तळघराच्या दारापाशी गेली, ते उघडलं आणि खाली तोंड करून, पाडव्यानंतर पहिल्यांदा नवऱ्याला म्हणाली,

"चहा झालाय. प्यायचा असेल तर वर या."

खाली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती त्याची वाट न बघता ओट्याकडे वळली आणि आणखी एक कप काढला.